राज्यमातेला पन्नास रुपये, शेतकऱ्याच्या गायीला पन्नास ग्रॅमही नाही



कोरडवाहू मुलखात गायीवर एक आरोप वर्षानुवर्षे चालत आला आहे. गाय व्याली, वासरू मोठे झाले, दूध आटले. वर्ष गेले, दुसरे संपत आले, तरी ती माजावर येत नाही. आली आणि भरवली तर उलटते. मग घरात निकाल लागतो: गाय भाकड निघाली. दवाखान्यातला माणूस म्हणतो, गावठी जात, हिच्याकडून काय होणार? शिबिराला आलेले साहेब म्हणतात, शेतकऱ्याला माज ओळखता येत नाही. घरातली म्हातारी म्हणते, नजर लागली. जात, शेतकरी आणि नशीब असे तीन आरोपी उभे केले की चौकशी संपते. गायीच्या पोटात काय गेले आणि काय गेले नाही, हे कोणी विचारत नाही.

आम्ही ते विचारणार आहोत. आमचे म्हणणे सरळ आहे. कापूस-ज्वारीच्या पट्ट्यातल्या पुष्कळशा भाकड गायी जन्माने भाकड नाहीत. त्यांच्या चाऱ्यातून क्षार गेले म्हणून त्या रिकाम्या राहतात. ते क्षार आपल्याच शेतातून, आपल्याच मालाबरोबर बाहेर गेले आणि त्यांची किंमत आपल्याला कधी मिळाली नाही. ज्या सरकारने ही तूट भरायला बोट हलवले नाही, त्याच सरकारने भाकड जनावर दावणीला बांधून ठेवण्याची सक्ती मात्र शेतकऱ्यावर केली.

हाडे चघळणारी गाय

संध्याकाळी गायरानातून परतणारी गुरे नीट पाहा. एखादी गाय मेल्या जनावराचे हाड तोंडात धरून चघळत येते. एखादी दोरीवरचे लुगडे ओढते, चपला खाते, गोठ्याची भिंत चाटते, माती खाते. लोक म्हणतात, तिला खोडच लागली. गायीला अशी खोड उगीच लागत नाही. अंगात स्फुरद कमी पडला की जनावर तो जिथे सापडेल तिथे शोधते. हाडात तो असतो, म्हणून ती हाड धरते.

जनावराच्या अंगातल्या एकूण स्फुरदापैकी सुमारे ८० टक्के हाडांत आणि दातांत साठवलेला असतो. उरलेला रक्तात, मांसात आणि वाढत्या गर्भात कामाला जुंपलेला असतो. चाऱ्यातून पुरेसा मिळाला नाही की गाय स्वतःच्या हाडांतून उसनवारी करते. उसनवारी फार झाली की भूक मंदावते, पुढे चारा असून ती तोंड लावत नाही, अंग झडते. अशा वेळी शरीर आधी गायीचा जीव सांभाळते, मग आचळाखालचे वासरू, आणि पुढच्या वेताचा विचार सर्वांत शेवटी करते. त्यामुळे तुटीचा पहिला फटका माजाला बसतो. पहिलारू गायीचे हाल त्याहून अधिक. तिचे स्वतःचे अंग अजून भरत असते, त्यात वासराला दूध द्यायचे, त्यातच पुन्हा गाभण राहायचे. एकदा व्याली आणि मग फळलीच नाही, अशी तक्रार पहिलारूबद्दल जास्त ऐकू येते ती यामुळे.

आता हिशेब मांडू. आपल्या भागातली तीनशे किलोच्या आतली गाय दिवसाला पाच-सहा किलो कोरडा चारा खाते. पक्क्या ज्वारीच्या कडब्यात स्फुरद किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे पोटात गेला सहा ग्रॅम. अंग राखायला आणि गर्भ वाढवायला लागतो दहा-बारा ग्रॅम. दुधाच्या प्रत्येक लिटरमागे आणखी एक ग्रॅम. रोजची तूट पाच-सहा ग्रॅमची. वर्षाची दोन किलोंवर. चिमूटभर वाटणारी ही तूट वेतामागून वेत साचत जाते.

एकट्या स्फुरदाने भागत नाही हेही सांगितले पाहिजे. जस्त कमी पडले की खूर, कातडी आणि सांडाचे वीर्य बिघडते. तांबे कमी पडले की केसांचा रंग उडतो आणि माज दिसेनासा होतो, त्याला मुका माज म्हणतात. आयोडीन नसेल तर वासरू मेलेले किंवा अशक्त जन्मते. कोबाल्ट नसेल तर भूकच मरते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत चुना भरपूर आहे. पण तोच चुना स्फुरदाला बांधून ठेवतो आणि जस्त पिकाच्या मुळाला मिळू देत नाही. जमिनीत जे मिळत नाही ते कडब्यात येत नाही आणि कडब्यात नाही ते गायीत कुठून येणार? आमच्यातले काही जण कृषी महाविद्यालयात शिकले. तिथे स्फुरदाची तूट पिकाच्या जांभळ्या पडलेल्या पानावर वाचायला शिकवतात. तीच तूट गायीच्या रिकाम्या पोटात वाचायला शिकवणारा वर्ग मात्र वेगळ्या इमारतीत, वेगळ्या खात्यात भरतो. पीक एका खात्याचे, गाय दुसऱ्या खात्याची, आणि दोघांचे पोट एकाच जमिनीवर!

सरकीबरोबर काय गेले

मग हा स्फुरद गेला कुठे? पीक पक्व होऊ लागले की ताटातला स्फुरद दाण्यात चढतो. ज्वारीचा दाणा माणसाने खाल्ला किंवा बाजारात गेला. जनावरापुढे उरला तो निचरा झालेला कडबा. कपाशीत तर सगळी तिजोरी सरकीत असते. एक क्विंटल कापसात रुई तेहतीस-चौतीस किलो आणि सरकी पासष्ट किलोंच्या घरात. एवढ्या सरकीत सुमारे चारशे ग्रॅम स्फुरद असतो. म्हणजे पाच-सहा क्विंटल कापसाची गाडी घरातून निघाली की तिच्याबरोबर एका गायीची वर्षाची तूट भरून काढणारा स्फुरद निघून जातो. रुईचे वजन होते, धाग्याची लांबी मोजली जाते, ओलाव्याची कपात होते. स्फुरदाचा भाव पावतीवर कधी लिहिला गेला आहे काय?

१९७२ पासून तीस वर्षे या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याने आपला कापूस जिनिंगमध्ये नेऊन रुई विकावी आणि सरकी आपल्या गुरांना ठेवावी, ही वाट त्या योजनेने बंद केली. कापूस सरकारचा झाला की सरकीही गेली. २००२ साली खासगी व्यापाऱ्याला दार उघडले. खरेदीदार बदलला, पण सरकी काही गोठ्यात परतली नाही. आज ती तेलगिरणीतून ढेप होऊन गावच्या दुकानात येते. आपल्याच शेतातला स्फुरद आपण पोत्याने विकत घ्यायचा, तोही भेसळीची खात्री नसताना.

जे सरकीचे तेच हाडांचे. गावोगावची मेल्या जनावरांची हाडे गोळा करून गिरण्यांत जात आणि ठेचलेली हाडे जहाजाने परदेशी रवाना होत, हा व्यापार इंग्रजी अमदानीपासून चालत आलेला. दाणा गेला, सरकी गेली, हाडेही गेली. उरलेल्या कडब्यावर गाय जगवायची आणि ती फळली नाही की शेतकऱ्याला अडाणी म्हणायचे, असा हा न्याय आहे.

दारिद्र्याच्या माळावरचा धडा

हे सगळे नवे संशोधन आहे, गरीब शेतकऱ्याला कुठून कळणार, असे कोणी म्हणेल. नवे काहीच नाही. शंभर वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत फ्रायबर्ग गावाजवळ आर्मूड्सफ्लाक्टे नावाचे एक सरकारी संशोधन क्षेत्र होते. नावाचा अर्थच मुळी दारिद्र्याचा माळ. तिथल्या कोरड्या कुरणांवर मांसासाठी पाळलेली मोठमोठी खिल्लारे चरत. त्या गायी हाडे चघळत, कुजलेल्या सांगाड्यांना तोंड लावत आणि पाय लुळे पडून मरत. आर्नॉल्ड थायलर या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या सुमारास छडा लावला. कुजलेल्या हाडांतले विष गायींना मारत होते. आणि गायी हाडांकडे वळत होत्या, कारण गवतात स्फुरद नव्हता.

त्यांनी पुढे काय केले ते महत्त्वाचे आहे. निर्जंतुक हाडांची भुकटी काही गायींना रोज दिली, काहींना दिली नाही. कुरण तेच, पाऊस तोच, जात तीच. भुकटी न मिळालेल्या गायींत शंभरातल्या सुमारे ५१ व्याल्या. भुकटी मिळालेल्यांत सुमारे ८०. १९२८च्या सुमारास हे आकडे छापून प्रसिद्ध झाले. जात बदलली नव्हती, परदेशी वळू आणला नव्हता, गुराख्यांना शिबिरात बसवून व्याख्यान दिले नव्हते. ओंजळभर भुकटीने शंभर गायींमागे तीसेक वासरे जास्त दिली.

मांसासाठी गायी पाळणाऱ्या देशांनी हा धडा धंद्याचा म्हणून गिरवला. ब्राझीलच्या माळरानांवर आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आज स्फुरदयुक्त चाटण हा पशुपालनाच्या खर्चातला नेहमीचा रकाना आहे. तिथल्या मालकाला प्रत्येक वासराची किंमत बाजारात मिळते, म्हणून प्रत्येक रिकामी गाय त्याला टोचते. आपल्याकडे गाय मांसासाठी पाळत नाहीत. बैलासाठी, शेणासाठी, घरच्या दुधासाठी पाळतात. वर्ध्याकडची गवळाऊ असो, मराठवाड्यातली देवणी नाहीतर लाल कंधारी असो, कोरडवाहू शेतकऱ्याने या जाती गोऱ्ह्यांसाठीच जपल्या. पण चरणाऱ्या गायीच्या हाडाला हेतू कळत नाही. तूट तिथेही तीच, इथेही तीच.

ऑस्ट्रेलियातल्या अनुभवाने आणखी एक गोष्ट शिकवली, ती आपल्या समजुतीच्या उलट आहे. आपण क्षार दिलेच तर उन्हाळ्यात देतो, गाय खंगली की. खंगलेल्या, उपाशी गायीला क्षाराने माज येत नाही. तिला आधी चारा आणि प्रथिने हवीत. स्फुरदाचा खरा उपयोग पावसाळ्यात होतो, जेव्हा हिरवे गवत पोटभर असते, अंग भरू पाहते आणि कमी पडतो तो फक्त क्षार. म्हणून मृगापासून दिवाळीपर्यंतचे महिने वाया घालवू नयेत.

सरकार काय देते?

सरकार वीर्य देते. २०१४ साली राष्ट्रीय गोकुळ मिशन निघाले. २०१९ च्या सप्टेंबरात देशव्यापी कृत्रिम रेतन कार्यक्रम सुरू झाला. घरपोच, मोफत रेतन. त्याला आमचा विरोध नाही. पण जी गाय माजावरच येत नाही तिला रेतन कसले करणार? ओल नसलेल्या रानात उत्तम बियाणे पेरून उगवण मोजावी तसा हा प्रकार. रेतनाचे आकडे अहवालात चढतात. किती गायी व्याल्या हे शेतकऱ्याच्या गोठ्यात दिसते, आणि तिकडे अहवाल फिरकत नाही.

कधी शिबिर होते. फीत कापली जाते, भाषणे होतात, जाताना खनिज मिश्रणाची एक किलोची पिशवी हातात पडते. रोज ५० ग्रॅमने ती वीस दिवस पुरते. गाय नऊ महिने नऊ दिवस गर्भ वाढवते. वीस दिवसांच्या पिशवीवर नऊ महिन्यांची जबाबदारी उरकणाऱ्या खात्याने शेतकऱ्याला शास्त्रीय पशुपालन शिकवावे, ही थट्टा आहे.

आणि आता कायद्याचे बघा. गायीच्या कत्तलीला या राज्यात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. बैल आणि वळूंनाही ती लागू करणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली केली. तिला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हातारा बैल विकून, त्यात थोडी भर घालून नवा गोऱ्हा घ्यायचा, ही कोरडवाहू शेतकऱ्याची भांडवल फिरवण्याची रीत होती. ती एका सहीने मोडली. भाकड गायीला गिऱ्हाईक नाही, म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. मोकाट सुटलेली जनावरे रात्री कोणाच्या ज्वारीत शिरतात, हे राखणीला जाणाऱ्याला विचारा. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमध्ये राज्यातला गोवंश सुमारे १० टक्क्यांनी घटला. त्याला ट्रॅक्टर कारण आहे, सोयाबीनने ज्वारी हटवल्यामुळे आटलेला कडबा कारण आहे, आणि ज्या जनावराचा शेवट विकत घेणारा कोणी नाही ते दावणीला बांधायची भीती हेही कारण आहे. रक्षणाच्या नावाने केलेल्या कायद्याने शेतकऱ्याच्या दारची गाय वाढवली नाही.

आम्ही कोणाच्या श्रद्धेवर बोलत नाही. गाय आमच्याही दारात आहे, पोळ्याला बैल आम्हीही पूजतो. श्रद्धेचा खर्च कोणी सोसायचा, एवढाच आमचा प्रश्न आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हणून जाहीर केले. त्याच दिवशी गोशाळांतल्या देशी गायींच्या पोषणासाठी दर गायीमागे रोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय झाला. म्हणजे भाकड गाय पोसायला दिवसाला ५० रुपये लागतात, हे सरकारने स्वतःच्या तोंडाने कबूल केले. मग तीच गाय शेतकऱ्याच्या दावणीला असते तेव्हा तिला पोसायला काय वारा पुरतो? गोशाळेत गेल्यावर ती माता, आणि शेतकऱ्याच्या गोठ्यात होती तेव्हा गावठी जात! रोज ५० ग्रॅम क्षार वेळेवर मिळाले असते तर त्यातल्या कित्येक गायी गोशाळेच्या वाटेला लागल्याच नसत्या.

दोन शंका

बैठकांतून दोन शंका नेहमी निघतात. त्या रास्त आहेत आणि त्यांचे उत्तर दिले पाहिजे.

पहिली शंका जुन्या माणसांची. आमच्या बापजाद्यांनी कुठे क्षार दिले होते? तरी गायी व्यात होत्या. खरे आहे. पण बापजाद्यांची गाय काय खात होती? गायराने अतिक्रमणात आणि वाटपात गेली नव्हती. नाना तऱ्हेचे गवत, झाडपाला, शेंगा तिच्या तोंडी लागत. हरभऱ्या-तुरीचे कुटार घरचे होते. ज्वारी मळताना दाण्याचा चुरा जनावरापुढे पडे. पुष्कळ घरांत सरकी होती. एका वर्षी एकच पीक घेऊन सगळा दाणा विकून टाकण्याची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. ती पुडीतून क्षार देत नव्हती, चाऱ्यातून देत होती. आपण चारा बदलला किंवा तो बदलायला आपल्याला भाग पाडले गेले. मग क्षार कुठून तरी आणावेच लागतील.

दुसरी शंका, हा कंपन्यांचा धंदा आहे. तेही काही अंशी खरे. बाजारात खडूची पूड आणि मीठ रंगवून क्षार मिश्रण म्हणून विकणारे आहेत. आपल्या चाऱ्यात चुना आहेच. आणखी चुना घालून स्फुरदाची तूट भरत नाही. त्यावर उपाय पिशवी वाचण्याचा. भारतीय मानक आय.एस. १६६४ प्रमाणे मीठ नसलेल्या खनिज मिश्रणात स्फुरद किमान १२ टक्के असला पाहिजे. ५० ग्रॅमच्या १२ टक्के म्हणजे ६ ग्रॅम. वर जी रोजची तूट काढली ती एवढीच. पिशवीवर स्फुरदाचा आकडा नसेल तर ती पिशवी दुकानदाराला परत करा. चित्रात कितीही धष्टपुष्ट गाय असो, आकडा नाही तर सौदा नाही.

खर्चाचे म्हणाल तर एका गायीला वर्षाला १८ किलो मिश्रण लागते. दुकानातला भाव विचारा, १८ ने गुणा आणि हा हिशेब शेजारी ठेवा. गाय चौथ्या वर्षी पहिल्यांदा व्याली आणि बाराव्या वर्षापर्यंत राहिली. दर चौदा महिन्यांनी व्याली तर सात वासरे. दर दोन वर्षांनी व्याली तर पाच. दोन वासरांचा फरक. दोन्ही गोऱ्हे निघाले तर घरची एक बैलजोडी. शिवाय मधल्या वेतांचे दूध, आणि शेणातून रानाला परत जाणारा स्फुरद वेगळा.

आपण काय करावे

पैसा कमी असेल तर सगळ्या जनावरांना थोडे थोडे वाटू नका. गाय विण्याआधीचे दोन महिने आणि विल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंतचा काळ, एवढा तरी चुकवू नका. मोठ्या गायीला ५० ग्रॅम, वाढत्या कालवडीला २० ते २५ ग्रॅम, मूठभर ओलसर ढेपेत किंवा कुटारात मिसळून, संध्याकाळी चरून आल्यावर. मीठ वेगळे द्या.

ढेप परवडत असेल तर ती क्षारांची बहीणच आहे. अर्धा किलो सरकी ढेपेतून तीन-चार ग्रॅम स्फुरद आणि वर प्रथिने मिळतात. अर्धा किलो गव्हाच्या कोंड्यातून स्फुरद पाचेक ग्रॅम. मात्र लहान वासरांना आणि सांडाला सरकीचा मारा करू नका. जिनिंगवाल्याशी गावाने मिळून सौदा करून सरकीचा काही वाटा परत घेता आला तर त्याहून चांगले काही नाही.

शेतातले सुपर फॉस्फेट किंवा डीएपी गायीला चारू नका. खताच्या गोणीवरचा स्फुरदाचा आकडा वेगळ्या रीतीने मोजलेला असतो, आणि खतातला फ्लोरीन दात व हाडे खातो. हाडांची भुकटीही आता नको. ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखल्या गेलेल्या मॅड काऊ रोगानंतर रवंथ करणाऱ्या जनावराला जनावराचे हाड चारणे जगभर धोक्याचे ठरले. आज स्फुरद येतो तो खनिज खडकापासून केलेल्या, खाद्याच्या प्रतीच्या डायकॅल्शियम फॉस्फेटमधून.

क्षार हा सर्व रोगांवरचा अंगारा नाही, हेही गावात स्पष्ट सांगा. गायीचा गर्भ वारंवार पडत असेल, वार अडकत असेल, घाण जात असेल, ती तीन-तीन वेळा उलटत असेल, तर तिला पशुवैद्याकडून तपासून घ्या. जंताचे औषध वेळेवर द्या. पोट रिकामे असेल तर आधी पोट भरा.

आपण काय मागावे

फुकटच्या पिशव्या आपण मागत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या फुकट पिशवीने गाय फळत नाही आणि शेतकरी मिंधा होतो. आपल्या मागण्या चार आहेत.

एक, राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक क्षार मिश्रणाच्या आणि ढेपेच्या पोत्यावर स्फुरदाचा टक्का छापलाच पाहिजे; जिल्ह्यात नमुने तपासून निकाल पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दारावर लावले पाहिजेत.

दोन, २०१५ पासून माती आरोग्य पत्रिकेचा गाजावाजा झाला. त्या पत्रिकेत स्फुरद, जस्त, तांबे यांचे आकडे असतात. तेच आकडे चाऱ्याच्या तपासणीशी जोडून, आपल्या तालुक्यातल्या गायीला काय कमी पडते हे पशुसंवर्धन खात्याने गावाला लेखी सांगितले पाहिजे.

तीन, रेतनाच्या प्रत्येक आकड्याशेजारी व्यालेल्या गायींचा आकडा प्रसिद्ध झाला पाहिजे.

चार, आपले जनावर विकण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला परत मिळाले पाहिजे. ते देण्याची हिंमत सरकारमध्ये नसेल, तर ज्या जनावराची विक्री कायद्याने बंद केली त्याच्या पोसण्याचा खर्च, गोशाळेला ज्या दराने दिला त्याच दराने, शेतकऱ्याच्या दावणीवर दिला पाहिजे. हे अनुदान ठरत नाही. अडवून ठेवलेल्या मालाचे ते भाडे आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावच्या शाखेने तीन आकडे लिहून आणावेत. गावात वयात आलेल्या गायी किती. गेल्या बारा महिन्यांत त्यातल्या किती व्याल्या. आणि हाड, चिंधी, माती खाताना दिसणाऱ्या किती. गायक्याला विचारा, त्याला प्रत्येक गाय ठाऊक असते. शिवाय गावातल्या दुकानात जे क्षार मिश्रण मिळते त्याची एक रिकामी पिशवी बरोबर आणा. ज्या गावांची तयारी असेल त्यांनी येत्या पावसाळ्यापासून सारख्या वयाच्या, सारख्या चरणाऱ्या दहा गायींना रोज क्षार द्यावेत, दहांना देऊ नयेत, आणि दोन वर्षे वही ठेवावी. दारिद्र्याच्या माळावर शंभर वर्षांपूर्वी जे मोजले गेले ते आपल्या माळावर आपणच मोजू. मग जातीला, शेतकऱ्याला आणि नशिबाला दोष देणाऱ्यांसमोर ही वही ठेवू आणि उत्तर मागू.